वामनदादांचे वारसदार की नुसते वापरकर्ते?

लोककवी वामनदादा कर्डक यांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही एप्रिल उजाडला की आमच्या वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरवरून, जीपमधून, पानटपरीवरच्या मोबाईलमधून त्यांचीच गाणी ऐकू येतात. गाणे कोणाचे, असे विचारले तर पोरे गायकाचे नाव सांगतात, कोणी कॅसेट कंपनीचे सांगतो. वामनदादांचे नाव क्वचितच निघते. ज्या माणसाने समाजाला गाता केले, तो माणूसच त्याच्या गाण्यातून पुसला जात असेल, तर हा प्रश्न करमणुकीचा नाही, चळवळीच्या वारशाचा आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पोटासाठी मुंबई गाठली आणि मिळेल ते कष्टाचे काम केले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना एका माणसाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि वामनदादांना ते वाचता आले नाही. ती लाज त्यांनी मनात कुढत ठेवली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते मुळाक्षरे शिकले आणि पुढे रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर पक्के केले. ऐन तारुण्यात बाराखडी गिरवणारा हा माणूस पुढे हजारो गीतांचा धनी झाला. शिका या आदेशाचा याहून मोठा पुरावा कोणता?

1943 साली त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले आणि त्याच वर्षी पहिले गीत लिहिले. तिथून पुढची साठ वर्षे त्यांनी दुसरा धंदा केला नाही. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटासाठीही त्यांनी गीत लिहिले. पण त्यांचा मुक्काम राहिला तो गावोगावच्या बौद्धवाड्यांत. खांद्याला पिशवी, सोबत दोन-चार साथीदार आणि मिळेल ती भाकरी. 6 डिसेंबर 1956 नंतर पोरका झालेला समाज ज्या आवाजांनी सावरला, त्यात वामनदादांचा आवाज मोठा होता. पुढे मराठवाडा नामांतराच्या लढ्यात, 1978 पासून 1994 पर्यंत, गावे जळत असतानाही माणसे एकत्र बसून भीमगीते गात होती. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले. 15 मे 2004 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

ही गाणी टिकली कशामुळे? गायन पार्टीची रचना पाहा. मुख्य गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो आणि धृपदावर अवघा मंडप येतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या आईलाही धृपद पाठ झालेले असते. चवदार तळे, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षा हा सगळा इतिहास आमच्या आयाबायांनी पुस्तकातून वाचला नाही, कोरसमधून पाठ केला. एकट्याचा आवाज दाबता येतो, मंडपाचा दाबता येत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही हेच केले. गुलामीतून आलेल्या त्या समाजाने चर्चमधील समूहगायनातून गॉस्पेल संगीत उभे केले. एक गायक हाक देतो, वृंद ओ देतो. जानेवारी 1972 मध्ये जगप्रसिद्ध गायिका अरेथा फ्रँकलिन लॉस एंजलिसच्या एका चर्चमध्ये गेली आणि जेम्स क्लीव्हलँड यांच्या गायकवृंदासोबत तिने ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम साध्या भाविकांसमोर गायिला. तो आजही ऐकला जातो. त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला, हेही ध्यानात घ्यावे. फरक एवढाच, की त्यांचे गाणे देवाला हाक मारते आणि आमचे गाणे माणसाला जागे करते. दुसरा फरक मात्र आपल्याला लाजवणारा आहे. त्या अल्बमवर गायिका, गायकवृंद, वादक यांची नावे आहेत. आमच्या कित्येक कॅसेटवर गीतकाराच्या नावाची जागा कोरी राहिली.

वकील म्हणून येथे कायदा सांगणे माझे कर्तव्य आहे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार कवीच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षे हक्क कायम राहतात. म्हणजे वामनदादांच्या गीतांना 2064 अखेरपर्यंत संरक्षण आहे. कलम 57 त्याहून महत्त्वाचे. हक्क विकले तरी रचना माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा कवीचा अधिकार संपत नाही. पूर्वी नावाचा हा हक्क कवीसोबतच संपत असे. 2012 च्या दुरुस्तीने तो वारसांनाही मिळाला. पण कोर्टात जाण्याची वेळ समाजाने येऊच का द्यावी? वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत असत. आज डीजेच्या दणदणाटात शेवटचे कडवेच कापले जाते. म्हणजे कवीची सहीच कापली जाते!

जयंती मंडळांना माझी विनंती आहे. गाणे जरूर वाजवा, पण आधी गीतकाराचे नाव पुकारा आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवा. वर्गणीतला थोडा भाग डीजेवरून काढून विहारात गायन पार्टी बसवा, पोरापोरींना पेटी-ढोलकी शिकवा. जुन्या गायकांच्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांतील गीते उतरवून घ्या.

वामनदादांनी समाजाकडून बंगला मागितला नाही, गाडी मागितली नाही. शेवटच्या कडव्यातले त्यांचे नाव तेवढे आपण राखू शकत नसू, तर वारसदार म्हणवून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. जयभीम!