भंडाऱ्याचा खासदार आणि रुपयाची घसरण

६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. चार रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. या निर्णयापूर्वी वॉशिंग्टनला जाऊन जागतिक बँकेशी वाटाघाटी करणारे नियोजनमंत्री होते अशोक मेहता. भंडाऱ्याने लोकसभेवर दोनदा पाठविलेले समाजवादी विचारवंत.

गुजराती साहित्यिक रणजितराम मेहता यांचे हे पुत्र. जन्म २४ ऑक्टोबर १९११, भावनगरचा. शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले मेहता १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आघाडीच्या नेत्यांपैकी होते. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत ते सर्वसाधारण जागेवर विजयी झाले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मात्र पराभव पत्करावा लागला. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्येच ग्रंथ लिहिणारा अर्थतज्ज्ञ आणि पुढे रुपयाच्या अवमूल्यनाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते मेहता, असे दोघे एकाच मतदारसंघात उभे होते.

मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधकांनीही विकासासाठी सरकारशी सहकार्य केले पाहिजे, ही भूमिका मेहतांनी १९५३ मध्ये मांडली. डॉ. राममनोहर लोहियांना ती मान्य नव्हती. १९६३ मध्ये मेहता नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि नंतर काँग्रेसमध्ये गेले.

त्यांच्यापुढचा पेच विकसनशील देशांचा नेहमीचाच होता. कारखाने उभारायचे तर यंत्रे परदेशातून आणावी लागतात. निर्यात मात्र चहा, ताग आणि भंडाऱ्यातही सापडणाऱ्या मँगनीजसारख्या कच्च्या मालाची. उरलेली तूट कर्ज व मदतीने भरायची. घेतलेल्या पैशातून निर्यातक्षमता वाढली, तर ही तूट पेलते. धनको थांबला, तर कोसळते. १९६५ च्या युद्धानंतर अमेरिकेने मदत रोखली. त्यातच दुष्काळ पडला आणि ८९० लाख टनांच्या घरातील धान्योत्पादन ७२० लाख टनांपर्यंत उतरले. गव्हासाठीही परदेशाकडे हात पसरावे लागले.

अवमूल्यनाने आयात महागली. पण अपेक्षित निर्यात वाढली नाही. दुष्काळ दुसऱ्या वर्षीही कायम राहिला, निर्यातदारांच्या सवलती काढल्या गेल्या आणि पारंपरिक मालावर निर्यातकर बसला. मदतीचा ओघही पुढे आटला. परकीय दबावापुढे मान तुकविल्याची टीका झाली आणि १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्ये गमावली. भंडाऱ्याने मात्र मेहतांना पुन्हा लोकसभेत पाठविले.

१९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाबाबत सरकारची भूमिका न पटल्याने त्यांनी मंत्रिपद सोडले. काँग्रेसच्या फुटीनंतर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. पंचायत राज संस्थांविषयी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये दिलेला अहवाल आजही अभ्यासला जातो. १० डिसेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात वर्षांनी, जुलै १९९१ मध्ये, गंगाजळी आटल्याने देशाला पुन्हा अवमूल्यन करावे लागले. या वेळी त्याला परवाना पद्धतीतील व्यापक सुधारणांची जोड मिळाली आणि निर्यातीला वाट सापडली. रुपया स्वस्त केल्याने तूट आपोआप मिटत नाही, पिकवण्याची आणि विकण्याची ताकदही वाढावी लागते, हा धडा १९६६ नेच दिला होता. त्याची राजकीय किंमत मेहतांच्या पिढीने मोजली.