अपयश मोजणारा सर्जन

मोठे आतडे आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास विल्यम अर्नेस्ट माइल्स यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. त्यांचा जन्म १८६९ मध्ये त्रिनिदाद बेटावर झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात झाले. पुढे ते सेंट मार्क्स रुग्णालयात डेव्हिड गुडसॉल यांच्या हाताखाली आले. भगंदर, मूळव्याध अशा दुखण्यांसाठी हे रुग्णालय प्रसिद्ध होते. गुदरोगांवर या दोघांनी मिळून ग्रंथही लिहिला. नंतर माइल्स लंडनच्याच कॅन्सर हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले.

त्या काळी गुदाशयाचा कर्करोग सहसा खालच्या, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूने काढत. रुग्ण बरा होऊन घरी जाई आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे वाटे. माइल्स मात्र नंतरही रुग्णांची नोंद ठेवत. १८९९ ते १९०६ या काळात त्यांनी अशा ५७ शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी ५४ रुग्णांत कर्करोग पुन्हा उद्भवला.

हा आकडा लपवण्याऐवजी त्यांनी त्याचे कारण शोधले. दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना दिसले, की रोग खाली आणि बाजूला पसरतो तसाच वरही चढतो. आतड्याला रक्तपुरवठा करणाऱ्या पडद्यातील लसीका ग्रंथींमध्ये तो दडून बसतो. खालून घातलेला हात तिथे पोहोचतच नव्हता.

मग त्यांनी दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया सुरू केली. आधी पोट उघडून आतडे आणि त्याच्या ग्रंथी मोकळ्या करायच्या, शौचासाठी पोटावर कायमचा मार्ग करायचा, मग रुग्णाला कुशीवर वळवून गुदाशय खालून काढायचा. १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ दगावले. प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. किंमत मोठी होती, पण जे वाचले त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. पुढे अनुभवाने मृत्यूही कमी झाले.

माइल्स १९४७ मध्ये वारले. आज रेडिओथेरपी, केमोथेरपी आणि आतडी जोडणारे स्टेपलर आल्याने अनेक रुग्णांचा नैसर्गिक मार्ग वाचवता येतो. तरी गुदद्वाराच्या अगदी जवळच्या गाठींसाठी माइल्स यांची शस्त्रक्रिया अजूनही केली जाते. गाठीबरोबर तिच्या ग्रंथीही काढायच्या, हे तत्त्वही कायम आहे.

आज आपल्याकडे एक सोय आहे. दुर्बिणीच्या तपासणीत हा रोग लवकर सापडतो. अडचण आहे ती संकोचाची. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, पण नेहमी नाही. रक्त पडत असेल किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बोटाने होणारी साधी तपासणी दोन मिनिटांची असते आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील बऱ्याच गाठी तिच्यातच हाताला लागतात.