अडगळीतील बालचित्रे आणि पॉल क्ली

इटलीतील सात महिन्यांचा मुक्काम आटोपून पॉल क्ली १९०२ साली बर्न येथे आई-वडिलांच्या घरी परतले. वय अवघे २२. मायकेलअँजेलोच्या देशातील भव्यतेने ते जितके भारावले होते, तितकेच खचलेही होते. त्याच वर्षी घरच्या अडगळीत त्यांना स्वतःची बालपणीची चित्रे सापडली. म्युनिकच्या अकादमीत शिकून आलेल्या या तरुणाला आपले आजवरचे सर्वांत मोलाचे काम हेच वाटले आणि तसे त्यांनी वाग्दत्त वधू लिली हिला कळविलेही. १९११ साली आपल्या कलाकृतींची सूची करावयास घेतली, तेव्हा त्यातील काही चित्रे त्यांनी आरंभीच नोंदविली. विद्यार्थिदशेतील बहुतांश अभ्यासचित्रे मात्र वगळली.

चित्रे सापडली, तरी ती रेषा पुन्हा हाताला येणे सोपे नव्हते. शिकलेले विसरावयासही साधना लागते. विवाहानंतर म्युनिकमध्ये लिली पियानोच्या शिकवण्या करून घर चालवीत, तर क्ली स्वयंपाक आणि मुलगा फेलिक्स याचे संगोपन पाहत. चरित्रकार ज्या वर्षांवरून भरभर पुढे जातात, ती हीच. परंतु मूल रेघ कशी ओढते, हे रोज पाहण्याची संधी त्यांना या घरकामानेच दिली. फेलिक्ससाठी त्यांनी चिंध्या, प्लास्टर अशा हाती येईल त्या वस्तूंपासून सुमारे ५० हातबाहुल्या घडविल्या.

१९२१ पासून ते बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागले. हँडल फिरवताच चिवचिवतील असे वाटणारे काटकुळे पक्षी त्यांनी १९२२ साली रेखाटले. त्याच वर्षअखेरीस कोलकात्यात भरलेल्या बाउहाउसच्या प्रदर्शनात त्यांचीही चित्रे होती. पुढे मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील वासुदेव गायतोंडे यांच्या आरंभीच्या चित्रांवर क्लींची छाया पडली.

नाझींना या रेषेत केवळ विकृती दिसली. १९३३ साली क्लींची ड्युसेलडॉर्फ येथील प्राध्यापकी गेली आणि ते बर्नला परतले. १९३७ साली म्युनिकमध्ये ‘अवनत’ कलेची जाहीर विटंबना करणारे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांची १७ चित्रे तेथे टांगण्यात आली.

तोवर त्वचा ताठरत नेणाऱ्या असाध्य आजाराने त्यांना ग्रासले होते. १९३६ साली जेमतेम २५ चित्रे झाली. नंतर मात्र रेषा जाड झाली, थोडकी झाली आणि अनावर वाहू लागली. १९३९ या एका वर्षात १,२०० हून अधिक कलाकृती! त्यांत विसराळू, अर्धेमुर्धे, मुलांनी पाटीवर काढावेत तसे देवदूत आहेत. पोर काढील असे चित्र, हा टोमणा क्लींनी आयुष्यभर ऐकला. त्यात तथ्य इतकेच, की मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला जे सांगावयाचे होते, ते त्याच रेषेने सांगता आले. अकादमीतील सफाई तेथे उपयोगाची नव्हती.

२९ जून १९४० रोजी लोकार्नोजवळील मुराल्टो येथे त्यांचे निधन झाले. वडील जर्मन असल्यामुळे कागदोपत्री ते जर्मनच होते. जन्मभूमी स्वित्झर्लंडचे नागरिकत्व मिळावे, हा त्यांचा अर्ज तेव्हाही सरकारदरबारी पडून होता.