सेनासाहेबसुभा : आपल्या नागपूरचे रघुजीराजे



मी पडले कॉन्व्हेंटची. ब्लेझरच्या खिशावर ढाल, ढालीवर चित्र, हे बघतच मोठी झाले. त्यामुळे युरोपातल्या सरदार घराण्यांची चिन्हं हा माझा जुना छंद. त्यातही पोलंडची गंमत वेगळी. इंग्लंडमध्ये चिन्ह एका माणसाचं आणि मग त्याच्या वारसाचं. पोलंडमध्ये मात्र वेगवेगळ्या आडनावांची कितीतरी घराणी एकाच चिन्हाखाली येतात. गाठ मारलेल्या पट्ट्याचं ‘नावेंच’ हे चिन्ह असंच अनेकांचं. कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड मूळचा पोलिश, त्याच्या घराण्याचंही हेच. १४१३ साली होरोद्वो गावी ४७ पोलिश घराण्यांनी लिथुआनियाच्या सरदारांना आपापली चिन्हं देऊन आपल्यात घेतलं, म्हणजे जवळजवळ दत्तकच!

हे वाचताना मला आपल्या देवकाची आठवण झाली. कोणाचं देवक कळंब, कोणाचं मोराचं पीस. आडनावं निराळी, पण देवक एक. पण देवक असतं लग्नाच्या मांडवात. मग रणांगणावर आणि दरबारात आपल्या सरदारांची ओळख काय होती? याचं उत्तर कोराडीपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, महालात आहे. ती ओळख म्हणजे किताब. आणि नागपूरकर भोसल्यांचा किताब होता ‘सेनासाहेबसुभा’. आज त्या किताबाचे सर्वांत मोठे मानकरी, पहिले रघुजी भोसले, यांच्याविषयी थोडंसं.

नागपूरकर भोसले मूळचे पुणे जिल्ह्यातल्या हिंगणीचे, म्हणून हिंगणीकर. छत्रपती शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांना आधी येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. सेनासाहेबसुभा हा किताब या घराण्याला शाहू महाराजांकडूनच मिळाला. परसोजींनंतर तो त्यांचा मुलगा कान्होजीकडे गेला.

रघुजी हे याच घराण्यातले, पण थेट वारस नव्हेत. वडील बिंबाजी लवकर वारले. बालपण वाईजवळच्या पांडववाडीत गेलं. पुढे ते वऱ्हाडात कान्होजींकडे राहिले. कान्होजींना तेव्हा मूल नव्हतं, सगळे रघुजींनाच वारस समजत. पण कान्होजींना मुलगा झाला आणि रघुजींची जागा गेली! मग काय, घर सोडलं. काही दिवस देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी केली, एलिचपूरच्या नवाबाकडेही केली आणि शेवटी सातारा गाठलं. तिथे शिकारीतलं त्यांचं धाडस शाहू महाराजांच्या नजरेत भरलं. महाराजांनी आपल्या राणीच्या, म्हणजे शिर्क्यांच्या घरातली मुलगी त्यांना करून दिली आणि रघुजी छत्रपतींचे साडू झाले.

तिकडे कान्होजींचं आणि साताऱ्याचं बिनसलं होतं. शाहू महाराजांनी किताब काढून घेतला आणि रघुजींना देऊन काकांवरच पाठवलं. वणीजवळ मंदर गावी लढाई झाली, कान्होजी पकडले गेले. हे साधारण १७३० च्या सुमाराचं. पोलंडच्या सरदाराचं चिन्ह जन्मानेच त्याचं होई. आपल्याकडे मात्र किताब छत्रपतींचा. त्यांनी दिला तर तुमचा, काढला तर गेला. हे रघुजींनी काकांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटतं, म्हणूनच ते आयुष्यभर स्वस्थ बसले नाहीत.

१७४० मध्ये ते कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली लढाईत पडला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये त्रिचनापल्ली घेतलं, चंदासाहेब कैद झाला. आपला विदर्भ कुठे आणि त्रिचनापल्ली कुठे! ना रेल्वे, ना हायवे!

आता नागपूरकडे वळू. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी, १७०२ च्या सुमारास. त्यांचे वारस चांद सुलतान यांनी इथे राजधानी आणली. चांद सुलतानांनंतर गादीवरून भांडणं लागली, तेव्हा राणीने रघुजींना मदतीला बोलावलं. त्यांनी बंडखोराला हरवलं, राणीच्या दोन्ही मुलांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे ते दोघे भाऊच आपसात भांडले. बुऱ्हाण शाहने पुन्हा रघुजींना हाक मारली. या वेळी मात्र रघुजी आले ते राहिलेच. १७४३ पासून नागपूर भोसल्यांचं झालं.

पण इथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रघुजींनी गोंड राजघराणं संपवलं नाही. सत्ता स्वतःकडे घेतली, पण राजा हा किताब आणि नेमणूक बुऱ्हाण शाहकडे राहू दिली. भोसल्यांच्या नव्या वारसाला गादीवर बसताना टिळा लावायचा मान गोंड राजाचा, आणि महसुलाच्या काही कागदांवर शिक्काही त्याचाच. यात राजकारण होतंच. आपण पेशव्यांचे ताबेदार नाही, आपला हक्क वेगळा आहे, हे दाखवायला तो टिळा उपयोगी पडत होता. तरी दुसऱ्याच्या चिन्हाला मान दिला म्हणून आपलं लहान होत नाही, ही समजही त्यात दिसते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख नुसता पोवाडा होईल. १७४२ मध्ये रघुजींचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. पुढची जवळजवळ दहा वर्षं ही स्वारी चालू-बंद होत राहिली. पेशवे नानासाहेबही मध्ये पडले, तेव्हा शाहू महाराजांनी दोघांचे मुलूख वाटून दिले आणि बंगाल रघुजींकडे आला. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणी करायला बोलावलं आणि सरदारांसकट दगा देऊन मारलं. रघुजींनी पुन्हा फौजा घातल्या. १७५१ मध्ये तह झाला : वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा मुलूख.

या दहा वर्षांत भरडली गेली ती बंगालची रयत. गावं जळाली, माणसं घरदार सोडून पळाली. कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला नावच पडलं ‘मराठा डिच’. तो अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला आणि त्याच्या मार्गावरून आज मोठा रस्ता जातो. सरकारी घोड्यावर बसणारा स्वार तो आपल्याकडे बारगीर. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि बंगाली आया अजूनही अंगाईत बर्गीची भीती घालतात. आपल्या होस्टेलवर कोणी बंगाली असेल तर विचारून बघा.

रघुजी १७५५ मध्ये नागपुरात वारले. त्यांच्या घराण्याने शंभर वर्षं राज्य केलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. वाड्यातला जडजवाहीर, हत्ती-घोडे सगळं लिलावात निघालं. रघुजींनी जपलेला गोंड राजाचा मान आणि कंपनीने केलेली ही वागणूक, फरक आपणच ताडून बघावा.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनला रघुजींची तलवार लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. त्यावर ना सिंह, ना गरुड. देवनागरीत सोन्याने नाव कोरलंय आणि नावाला जोडून तोच किताब, सेनासाहेबसुभा. परदेशी पोलादावर आपली अक्षरं! हेच त्यांचं चिन्ह.

तलवारीवर त्यांनी लिहून घेतलं ते एक नाव, आणि बंगालच्या पाळण्यापाशी राहिलं ते दुसरं. रघुजीराजे समजून घ्यायचे तर दोन्ही घ्यावी लागतील. पुढच्या रविवारी पिक्चरचा बेत फसला तर महालात जा. भोसल्यांचा वाडा बघा आणि गोंड राजाचा किल्ला कुठे आहे तेही तिथे विचारा. दोन्ही एकाच वस्तीत आहेत.