वेगाचा कारागीर : ब्रूस मॅक्लारेन

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागून मोनॅको नावाचे एक चिमुकले राज्य आहे. दरवर्षी तेथे गावातल्या रस्त्यांवरून मोटारींची प्रसिद्ध शर्यत होते. १९९२ च्या मे महिन्यात या शर्यतीसाठी जमलेल्या लोकांच्या तोंडी मात्र एका वेगळ्याच मोटारीचे नाव होते. ती शर्यतीची मोटार नव्हती. साध्या रस्त्यावरून चालवायची होती. ती बनत असल्याची बातमी १९८९ मध्येच आली होती आणि तेव्हापासून जगभरचे मोटारींचे शौकीन तिची वाट पाहत होते. ती कशी दिसेल, तिचे इंजिन केवढे असेल, ती किती वेगाने धावेल, यावर त्यांचे तर्क चालत. शेवटी २८ मे रोजी ती मोटार लोकांसमोर आली. तिचे नाव होते मॅक्लारेन एफ-१.

ज्या माणसाचे नाव या मोटारीला दिले होते, तो मात्र ती पाहायला हयात नव्हता. त्याला जाऊन २२ वर्षे होत आली होती. अशीच एक मोटार बनवण्याचे त्याचेही स्वप्न होते. त्या माणसाची ही गोष्ट.

ब्रूस मॅक्लारेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी झाला. वडील लेस मॅक्लारेन यांचा पेट्रोल पंप होता. पंपाला लागूनच मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज होते आणि कुटुंब त्याच इमारतीत राहत असे. त्यामुळे पान्यांचा खणखणाट, ग्रीसचा वास आणि सुटी पडलेली इंजिने यांतच ब्रूसचे बालपण गेले.

नऊ वर्षांचा असताना ब्रूस लंगडू लागला. डॉक्टरांनी तपासले. त्याच्या कमरेच्या सांध्यातील हाड ठिसूळ होत चालले होते. त्या काळी या आजारावर एकच इलाज होता, तो म्हणजे पायावर मुळीच भार पडू द्यायचा नाही. ब्रूसला अपंग मुलांच्या एका रुग्णालयात ठेवण्यात आले. चाके लावलेल्या एका चौकटीवर त्याला पाठीवर झोपवून पट्ट्यांनी बांधले होते. दोन-चार आठवडे नव्हे, जवळजवळ दोन वर्षे तो असा पडून होता. तुमच्या वयाच्या मुलाला दोन दिवस अंथरुणात काढणेही किती जड जाते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तेथेही खोडकर मुले गप्प बसली नाहीत. हाताने चाके फिरवून ती आपापल्या चौकटी पळवत आणि एकमेकांशी शर्यत लावत. ब्रूसही त्यांत होता.

तो बरा होऊन घरी आला, पण त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दीड इंच आखूड राहिला. जन्मभर ते थोडेसे लंगडत चालले. रग्बीसारखा न्यूझीलंडमधील मुलांचा आवडता खेळ आता त्याला खेळता येणार नव्हता.

याच सुमारास वडिलांनी १९२९ सालची एक जुनी ऑस्टिन मोटार विकत आणली. गाडीची अवस्था फार वाईट होती. एकदा चालवल्यावरच वडिलांचे मन उडाले आणि त्यांनी ती विकायचे ठरवले. ब्रूसने हट्ट धरला. ही गाडी मीच दुरुस्त करीन, असे त्याने वडिलांना पटवले. शाळा सुटली की तो गाडीखाली शिरे. तुकडा तुकडा सुटा करून, साफ करून, पुन्हा जोडून त्याने ती चालती केली. मग घरामागच्या फळझाडांना वळसे घालत तो ती चालवायला शिकला. १९५२ साली टेकडी चढण्याच्या एका स्पर्धेत त्याने ही गाडी प्रथम उतरवली. वेग आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी तो अशा एकाच वेळी शिकला. पुढे शर्यतीत भाग घेणारे अनेक जण निष्णात चालक होते. पण गाडीत काय बिघडले आहे, हे ब्रूसइतके नेमके सांगणारे थोडे होते.

पुढे ब्रूस यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. १९५८ साली न्यूझीलंडच्या शर्यत मंडळाने होतकरू तरुण चालकाला युरोपात पाठवण्याची योजना सुरू केली. पहिली निवड ब्रूस यांची झाली. ऑस्ट्रेलियाचे नामांकित चालक जॅक ब्रॅबम यांचा त्यांना आधार होता. ब्रूस इंग्लंडला गेले आणि कूपर कंपनीच्या गाड्या चालवू लागले. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथे वर्षातली शेवटची मोठी शर्यत झाली. ब्रॅबम सर्वांच्या पुढे होते. अगदी शेवटी त्यांच्या गाडीतले पेट्रोल संपले आणि मागून येणारे ब्रूस पहिले आले. ब्रॅबम यांनी आपली गाडी ढकलत ढकलत अंतिम रेषेपर्यंत नेली. ब्रूस तेव्हा २२ वर्षांचे होते. इतक्या लहान वयात अशी शर्यत जिंकण्याचा त्यांचा विक्रम २००३ सालापर्यंत टिकला.

एवढे यश मिळाल्यावर दुसरा कोणी समाधानाने दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला असता. ब्रूस यांना मात्र स्वतः गाडी बनवायची होती. १९६३ साली त्यांनी आपली कंपनी काढली. कंपनी म्हटले की मोठी इमारत आपल्या डोळ्यांसमोर येते. येथे तसे काही नव्हते. लंडनजवळच्या न्यू माल्डन या गावी एक शेड भाड्याने घेतली होती. खाली मातीची जमीन, आणि शेजारी रस्ता सपाट करण्याचे एक अवजड यंत्र उभे! मोजके कारागीर होते. ब्रूस स्वतः त्यांच्याबरोबर कामाला भिडत. त्यामुळे माणसे त्यांच्यासाठी रात्र रात्र जागत.

हे काम जिवावरचे आहे, हे त्यांना माहीत होते. १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांचा तरुण साथीदार टिम मेयर टास्मानिया बेटावर सराव करताना अपघातात मरण पावला. टिमचे भाऊ टेडी पुढे ब्रूस यांचे भागीदार झाले आणि कंपनीचा कारभार पाहू लागले.

१९६६ साली ब्रूस यांनी क्रिस ॲमन या आपल्या देशबंधूबरोबर फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली. ती गाडी फोर्ड कंपनीची होती. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या कंपनीची गाडी मोनॅकोच्या शर्यतीत प्रथम धावली. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, बेल्जियममध्ये तिने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. त्या दिवशी मोठी गंमत झाली. पुढे असलेली गाडी पेट्रोलसाठी थांबली, हे ब्रूस यांना कळलेच नाही. आपण दुसरे आलो असे समजून ते गाडीतून उतरले, तेव्हा लोकांनी त्यांना सांगितले की तुम्हीच जिंकलात!

अमेरिका आणि कॅनडा या देशांत तेव्हा कॅन-ॲम नावाची शर्यतमालिका होत असे. तीत इंजिनाच्या आकारावर बंधन नव्हते. पपईसारख्या नारिंगी रंगाच्या मॅक्लारेन गाड्यांनी ही मालिका १९६७ पासून आपलीशीच करून टाकली. १९६९ मध्ये तर ११ पैकी ११ शर्यती ब्रूस आणि त्यांचे मित्र डेनी हल्म या दोघांनीच जिंकल्या.

याच यशातून ब्रूस यांना नवी कल्पना सुचली. कॅन-ॲमच्या गाडीवर छप्पर चढवून तिला ल माँसारख्या शर्यतीत उतरवावे, असा त्यांचा पहिला विचार होता. पण त्या गटाच्या नियमाप्रमाणे एकाच प्रकारच्या निदान ५० गाड्या बनवाव्या लागत. छोट्या कारखान्याला ते झेपण्यासारखे नव्हते. तेव्हा ब्रूस म्हणू लागले की हीच गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी का बनवू नये? रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीपेक्षा ती वेगवान व्हावी, असा त्यांचा निश्चय होता. नमुना म्हणून एक लाल गाडी तयार झाली. तिची उंची जेमतेम माणसाच्या कमरेइतकी होती. इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. ब्रूस ती स्वतः रोज वापरू लागले. घरून कारखान्यात जाताना, कारखान्यातून घरी येताना तिचे दोष त्यांच्या ध्यानात येत आणि पुढच्या गाडीत काय सुधारायचे ते ठरे. वर्षाला २५० पर्यंत गाड्या बनवायचा त्यांचा विचार होता. शर्यतीतली ती नारिंगी गाडी ज्यांना फक्त लांबून पाहता येत होती, त्यांना आता तिची बहीण रस्त्यावर चालवता येणार होती.

२ जून १९७० रोजी ब्रूस इंग्लंडमधील गुडवुड येथे कॅन-ॲमची नवी गाडी तपासत होते. शर्यतीच्या गाडीचा मागचा भाग असा बनवलेला असतो की वेगाबरोबर वारा गाडीला जमिनीवर दाबून धरतो. भरधाव वेगात हाच भाग निसटून उडाला. गाडीची पकड सुटली आणि ती रस्त्याकडेच्या पक्क्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच मरण पावले. ते अवघे ३२ वर्षांचे होते. मागे पत्नी पॅटी आणि चार वर्षांची मुलगी अमांडा होती.

दुसऱ्या दिवशी टेडी मेयर यांनी कारागिरांना सुट्टी दिली होती. तरीही सकाळी सगळे कामावर हजर झाले. १४ जूनला कॅनडात शर्यत होती. डेनी हल्म यांचे हात काही आठवड्यांपूर्वीच एका आगीत भाजले होते. तशाच हातांनी ते शर्यतीत उतरले. ब्रूस यांच्या जागी आलेल्या डॅन गर्नी यांनी ती शर्यत जिंकली. त्या वर्षीचे विजेतेपदही हल्म यांच्यामुळे मॅक्लारेनकडेच राहिले.

शर्यती चालू राहिल्या, पण रस्त्यावरच्या गाडीचे काम थांबले. तिच्यासाठी वेळ आणि जिद्द देणारा माणूसच उरला नव्हता. ती गाडी घेऊ पाहणारे वाट पाहतच राहिले.

१९८८ सालच्या सप्टेंबरमध्ये मॅक्लारेन संघ इटलीतली शर्यत हरला. त्या वर्षी १६ पैकी एवढी एकच शर्यत ते हरले. परतीच्या विमानाची वाट पाहत असताना संघाच्या प्रमुखांनी गॉर्डन मरे या अभियंत्याबरोबर बोलणे काढले आणि रस्त्यावरच्या गाडीचा विचार पुन्हा सुरू झाला. मरे यांनी चालकाला मधोमध बसवले, शर्यतीच्या गाडीत बसवतात तसे, आणि दोन प्रवाशांच्या जागा त्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या मागे ठेवल्या. गाडीचा सांगाडा लोखंडाऐवजी कार्बनच्या धाग्यांपासून बनवला. इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी आत चक्क सोन्याचा पातळ वर्ख लावला. १२ सिलिंडरांचे ६०० हून अधिक अश्वशक्तीचे इंजिन बीएमडब्ल्यू कंपनीने बनवून दिले.

३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतील एका चाचणी रस्त्यावर ही मोटार ताशी ३८६ किलोमीटर वेगाने धावली. रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेल्या मोटारींत तेव्हा तो विक्रम ठरला. शर्यतीसाठी बनवलेल्या धरून अशा एकूण १०६ गाड्या झाल्या. त्यांतली एक १९९५ साली ल माँला उतरली आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकली. २९ वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर ब्रूस जिंकले होते.