विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड

विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड (२३ सप्टेंबर, १८५२:न्यू यॉर्क, अमेरिका - ७ सप्टेंबर, १९२२:बॉल्टिमोर, अमेरिका) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. निर्जंतुक शस्त्रक्रिया, रबरी हातमोजे, स्थानिक भूल आणि शल्यचिकित्सकांचे निवासी प्रशिक्षण या चार गोष्टींशी त्यांचे नाव जोडले जाते. पित्ताशय व पित्तनलिका यांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातही त्यांना वेगळे स्थान आहे. त्यांनी आपल्या आईचे पित्तखडे स्वतः काढले आणि पुढे पित्तखड्यांच्याच आजारात त्यांचा मृत्यू झाला.

जन्म आणि शिक्षण

हॉल्स्टेड यांचा जन्म न्यू यॉर्कमधील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. येल विद्यापीठात असताना अभ्यासापेक्षा खेळाकडे त्यांचा ओढा अधिक होता. पदवीच्या शेवटच्या वर्षी शरीररचनेची पुस्तके हाती आल्यावर ते वैद्यकाकडे वळले. १८७४ मध्ये येलची व १८७७ मध्ये न्यू यॉर्क येथील कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची पदवी त्यांनी मिळवली. न्यू यॉर्क हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी रुग्णाचे तापमान, नाडी व श्वसन यांची एकत्रित नोंद ठेवणारा तक्ता सुरू केला. १८७८ ते १८८० या काळात त्यांनी व्हिएन्ना व जर्मनीतील शल्यचिकित्सकांचे काम जवळून पाहिले. तेथील प्रयोगशाळेचे शिस्तबद्ध वळण त्यांनी आयुष्यभर जपले.

न्यू यॉर्कमधील वर्षे

युरोपातून परतलेले हॉल्स्टेड धाडसी आणि वेगवान शल्यचिकित्सक म्हणून ओळखले जाऊ लागले. १८८१ मध्ये बहिणीला बाळंतपणानंतर तीव्र रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध तेव्हा लागला नव्हता. बहीण वाचली, यात नशिबाचाही वाटा होता.

१८८२ मध्ये ऑल्बनी येथे त्यांची आई गंभीर आजारी पडली. पित्ताशयात पू झाल्याचे हॉल्स्टेड यांनी ओळखले आणि पहाटे दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातील टेबलावर शस्त्रक्रिया केली. त्यांनी पित्ताशय उघडून पू वाहून जाऊ दिला व सात खडे काढले. आई बरी झाली. अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत पूर्णपणे नवीन नव्हती. इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्स यांनी १८६७ मध्ये पित्ताशय उघडून खडे काढले होते. तरीही त्या काळी तिचे अनुभव मोजकेच होते.

या शस्त्रक्रियेत खडे निघाले, पण पित्ताशय जागेवरच राहिले. त्याच वर्षी १५ जुलै रोजी बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी संपूर्ण पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. खडे तयार करणारे पित्ताशयच ठेवले तर खडे पुन्हा होतील, असा त्यांचा तर्क होता. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते केवळ साठवते आणि घट्ट करते. पित्ताशय काढल्यावर पित्त नलिकेतून थेट लहान आतड्यात उतरते व बहुतेकांचे पचन सुरळीत चालते. पुढे हीच पद्धत सर्वमान्य झाली.

कोकेन आणि मॉर्फिन

कोकेनने डोळा बधिर करता येतो हे १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी दाखवून दिले. ही बातमी कळताच हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूजवळ कोकेन टोचून शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याचे प्रयोग आरंभले. हे प्रयोग ते स्वतःवरच करत. दंतवैद्य आजही जबड्याचा एक भाग बधिर करतात, त्या पद्धतीचे मूळ या प्रयोगांत आहे. त्याची किंमत मात्र मोठी होती. कोकेनचे व्यसन जडल्यामुळे हॉल्स्टेड यांचे न्यू यॉर्कमधील काम जवळजवळ संपुष्टात आले. १८८६ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील बटलर हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर उपचार झाले. पुढे कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांच्या टिपणांतून ही गोष्ट उघड झाली. पण ती टिपणे १९६९ पर्यंत बंद ठेवलेली होती.

जॉन्स हॉपकिन्स

रोगविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम वेल्च यांनी त्यांना बॉल्टिमोरला बोलावून घेतले. तेथे कुत्र्यांच्या आतड्यावर प्रयोग करून आतडे शिवताना टाका कोणत्या थरातून घ्यावा हे त्यांनी निश्चित केले. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले. १८९० मध्ये हॉल्स्टेड तेथील मुख्य शल्यचिकित्सक व १८९२ मध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

न्यू यॉर्कमधील वेगवान शल्यचिकित्सक येथे अतिशय सावकाश काम करू लागला. ऊतींना हळुवार हाताळणे, प्रत्येक रक्तवाहिनी बांधणे, बारीक रेशमी टाके घालणे आणि जखमेवर ताण येऊ न देणे ही त्यांची सूत्रे होती. घाईघाईने होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या त्या काळात हा दृष्टिकोन नवा होता.

रबरी हातमोज्यांचा उगम संसर्ग टाळण्याच्या विचारातून झाला नाही. शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशक द्रावणामुळे सोलवटत असे. त्यांच्यासाठी हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. हातमोज्यांमुळे जखमा कमी चिघळतात हे नंतर लक्षात आले आणि काही वर्षांत सर्वच शल्यचिकित्सक ते वापरू लागले.

स्तनाच्या कर्करोगासाठी छातीचे स्नायूही काढणारी त्यांची विस्तृत शस्त्रक्रिया अनेक दशके प्रमाण मानली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चाचण्यांनंतर ती मागे पडली. निवासी प्रशिक्षणाची त्यांची पद्धत मात्र टिकली. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहावे आणि वाढत्या जबाबदारीने अनेक वर्षे काम करावे, अशी तिची रचना होती. हार्वी कुशिंग व वॉल्टर डँडी हे त्यांचे शिष्य. भारतातील निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षणही याच कल्पनेवर उभे आहे.

पित्तनलिकेवरील काम आणि मृत्यू

पित्तनलिका हा हॉल्स्टेड यांच्या आस्थेचा विषय होता. १८९८ मध्ये त्यांनी पित्तनलिका आतड्याला मिळते त्या जागेचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला. मुख्य पित्तनलिकेतील खडे कसे काढावेत यावरही त्यांनी लेखन केले.

१९१९ मध्ये बॉल्टिमोर येथे त्यांचे स्वतःचे पित्ताशय काढण्यात आले. १९२२ च्या उन्हाळ्यात त्रास परतला व कावीळ झाली. पित्ताशय काढले तरी पित्तनलिका शरीरात राहते. आधीच नलिकेत उतरलेला खडा मागे राहू शकतो किंवा तेथे नवा खडा तयार होऊ शकतो. खडा अडकला की पित्ताचा मार्ग बंद होऊन डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच पांढरट होते; थंडी वाजून ताप आला तर संसर्गाची शंका येते. पित्ताशय काढलेल्या रुग्णाने या लक्षणांसाठी आजही तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

आता शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी व रक्ततपासणी होते. नलिकेत खड्याची शंका आल्यास एमआरसीपी करतात आणि सापडलेला खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, पोट न उघडता काढता येतो. हॉल्स्टेड यांच्या वेळी यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. क्ष-किरण चित्रात पित्ताशय दिसण्याची पद्धतसुद्धा १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आली. पोट पुन्हा उघडण्यावाचून पर्याय नव्हता आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील रुग्णासाठी तो धोक्याचा होता.

जॉर्ज ह्यूअर व माँट रीड या त्यांच्याच माजी निवासी डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया केली. मुख्य पित्तनलिकेत खडा सापडला व तो काढला गेला. त्यानंतर मात्र फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि ७ सप्टेंबर, १९२२ रोजी हॉल्स्टेड यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. कॅरोलाइन यांचाही त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मृत्यू झाला.