कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर जेलमध्ये, रखमाबाई जेलमध्ये जायला तयार झाल्या

साल होतं १८८४. मुंबईच्या दादाजी भिकाजी यांनी हायकोर्टात केस टाकली. लग्नाची बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा, एवढीच मागणी. बायकोचं नाव रखमाबाई.

तेव्हा लग्न जुळवायचं म्हणजे मोठ्यांनी स्थळ बघायचं, सोयरीक पक्की करायची आणि मुलीने मुकाट बोहल्यावर उभं राहायचं. वयात येईपर्यंत ती माहेरी राहायची, मग सासरी जायची. तिची पसंती विचारायचा विषयच नव्हता.

१८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचं लग्नही असंच ११ व्या वर्षी लागलं. दादाजी तेव्हा १९ वर्षांचे आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले. जावयाने सासऱ्यांच्या घरी राहून शिकावं असं ठरलेलं. पण दादाजींनी शिक्षण सोडलं आणि दुसऱ्या नातेवाईकांकडे राहायला गेले. इकडे रखमाबाई माहेरीच राहून पुस्तकं वाचत मोठ्या झाल्या. नवऱ्याने बोलावलं तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. कळत नसताना लावून दिलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला आणि एकच गदारोळ झाला. सरकारने आमच्या धर्मात लुडबुड करू नये, असं म्हणणाऱ्यांमध्ये टिळकांचा केसरी पुढे होता. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. स्वतः रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहून बालविवाहावर टीका केली.

दादाजी अपिलात गेले. मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली.

जेलची वेळ मात्र आली नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि २,००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

पुढच्याच वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनमध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटमध्ये बायकांवर उपचार करत राहिल्या. १९५५ साली त्यांचं निधन झालं.

या केसने पेटलेल्या वादातूनच १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला बळ मिळालं. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ झालं, तेही लग्न झालेल्या मुलींना धरून. आज ही वाढ किरकोळ वाटते, पण तेवढ्यासाठीही तेव्हा अख्खा समाज दोन बाजूंना उभा राहिला होता.